मास्तरांच्या बरगड्या

चित्रकला कुठे शिकलात असं कुणी विचारलं, की मी नगरचं नाव सांगतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. त्याला मुंबईतल्या एखाद्या मोठ्या शाळेचं नाव हवं असतं. मग तो धीर करून विचारतो, "आणि गुरू कोण?" याचं खरं उत्तर द्यायचं तर, इटलीतला एक म्हातारा, कमरेला लाल वस्त्र, बाकी अंगावर काही नाही. हे ऐकून लोक विषय बदलतात. यंदा संपादकांनी ऐसपैस पानं दिली आहेत आणि विषय बदलायची सोय वाचकाला नसते, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

मी जन्मभर दोनच गोष्टी रंगवल्या, पाट्या आणि चेहरे. पाटीचं काम सरळ असतं. 'शुद्ध तुपाचे पेढे' असं लिहायचं. तूप कसलंही असो, अक्षर शुद्ध काढलं की पेंटरची जबाबदारी संपली. चेहऱ्याचं तसं नाही. चेहऱ्याला नातेवाईक असतात. ते चित्रासमोर उभे राहतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "सगळं बरोबर आहे, पण हे ते नव्हेत." या वाक्याला मी अजूनही घाबरतो.

लढाईचा काळ होता. माळीवाड्यात भाऊ पेंटर म्हणून होते, त्यांच्या दुकानात मी उमेदवारी करत होतो. नगर हे छावणीचं गाव, त्यामुळे लष्करी ट्रकांवर नंबर टाकायचं काम भरपूर येई. पण भाऊंचा खरा धंदा मयतांचा. त्या वेळी खेड्यापाड्यांत पुष्कळ माणसं आयुष्यात एकदाही फोटो न काढता जात. गेल्यावर घरच्यांना वाटे की भिंतीवर काहीतरी हवं. मग ते भाऊंकडे येत. भाऊ विचारत, "नाक कुनावर गेलंय?" थोरल्या मुलाचं नाक, धाकट्याचे कान, बहिणीचं कपाळ असं एकेक समोर बसवून भाऊ मेलेला माणूस जुळवत. एकदा असा जुळवलेला गृहस्थ थेट त्याच्या चुलतभावासारखा निघाला. तो चुलतभाऊ हयात होता. तेराव्याला जेवायला आला आणि स्वतःच्या तसबिरीला घातलेला हार बघून न जेवताच परत गेला.

पुढे भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं.

"सदा, पाटी मी डोळं मिटून काढीन. अक्षर कुठं वळतं ते हाताला ठावं हाय. चेहरा आता निघत न्हाई."

मी पुढचं वाक्य ऐकायला टपलेलोच होतो. पाट्यांचा मला वीट आला होता. पेढे, सायकली, कापड, दंतमंजन, सगळं लिहून झालं होतं. मला माणसं काढायची होती. पण भाऊ सहजासहजी चेहरे हाती देणारे नव्हते.

नेमकं त्याच हिवाळ्यात मिशनच्या बंगल्यातले पाद्रीसाहेब एक मोठं तैलचित्र दुरुस्तीला घेऊन आले. चौकटीला वाळवी लागली होती. चित्रात एक म्हातारा गुहेत बसलेला, पांढरी दाढी पोटापर्यंत, अंगावर मांस नावाला नाही, मांडीवर पुस्तक, शेजारी माणसाची कवटी आणि पायाशी झोपलेला सिंह. "हा एक तपस्वी संत होय," पाद्रीसाहेबांनी आपल्या स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगितलं, "आणि हे चित्र ओल्ड मास्टरचे आहे." त्यांच्याकडे जुन्या काळच्या थोर चित्रकारांना ओल्ड मास्टर म्हणतात, हेही त्यांनी समजावलं. मूळ चित्र इटलीतच होतं. ही त्याची तिथेच कुणी केलेली नक्कल, पाद्रीसाहेबांच्या आजोबांनी विकत घेतलेली. साहेब उन्हाळ्यात थंड हवेला जाणार होते, तिथून परत येईपर्यंत चित्र दुकानात राहणार होतं.

ते गेल्यावर भाऊ म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याची नक्कल कर. सायेब माघारी आला की दोनी शेजारी ठेवू. तो जमली म्हनला तर दुकानातले सगळे चेहरे तुझे. न्हाई म्हनला तर जन्मभर पेढे लिही."

म्हणजे नकलेची नक्कल काढून मला माझं आयुष्य ठरवायचं होतं.

तेलरंगाचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नसतं. विलायती कॅनव्हास तेव्हा मिळत नव्हता, म्हणून मांजरपाट ताणून त्याला सरस आणि सफेदा लावला. मूळ चित्रावर उभे-आडवे दोरे बांधून चौकटी पाडल्या, तशाच चौकटी मांजरपाटावर आखल्या आणि एकेका चौकटीतला म्हातारा इकडून तिकडे नेला. त्यावर नुसत्या तपकिरी रंगाने सगळा उजेड-अंधार मांडायचा. तो वाळला की खरा रंग. रंगाचा एकच कायदा, आधी पातळ, मग तेलकट. उलटं केलं तर काही वर्षांत वरचा थर सोलून निघतो.

माझी पंचाईत अंगाच्या रंगाने केली. पाट्यांच्या धंद्यात लाल म्हणजे लाल, डबा उघडायचा आणि लावायचा. माणसाच्या अंगाचाही असाच एक डबा असणार अशी माझी समजूत. भाऊंनी मला चित्राजवळ नेलं आणि म्हाताऱ्याच्या पोटाखालच्या सावलीवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो रंग कोनता?"

मी नीट बघितलं. "भाऊ, हा तर हिरवा आहे."

"मग?"

"माणूस हिरवा कसा असेल?"

"समदे हिरवे असत्यात. गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं येवढंच."

बरगड्यांशी मात्र मी अडलो. त्या चित्रात प्रत्येक बरगडी वेगळी होती. एक वर आलेली, एक आत गेलेली, दोघींच्या मधे निळसर खड्डा. मी काढल्या की त्या शिडी झालेल्या दिसत. भाऊ म्हणाले, जित्या मानसाच्या बघ. तालमीत गेलो, तर तिथे कुणाला बरगड्याच नव्हत्या. शेवटी बरगड्या घरातच सापडल्या. माझे वडील कोर्टात कारकून होते आणि रोज सकाळी लाल कद नेसून, उघड्या अंगाने पूजेला बसत. खिडकीतून तिरपा उजेड यायचा. अंगावर मांस बेताचं, कमरेला लाल वस्त्र, समोर पोथी. वाघसिंह तेवढा कमी.

दुसऱ्या दिवसापासून मी आंघोळ करून पूजेसमोर बसायला लागलो. वडील स्तोत्र म्हणत आणि मी त्यांच्या बरगड्यांवरून नजर हलवत नसे. शेवटच्या नमस्कारापर्यंत मी जागचा उठायचो नाही. पोरगं पेंटराच्या नादी लागून बिघडलं असं वडील इतके दिवस म्हणत होते, त्यांना गहिवरून आलं. आईला म्हणाले, "बघ, वळणावर आला. काय एकाग्रता आहे." मी फक्त त्यांना जरा उजवीकडे वळून बसायला सुचवलं, तेही त्यांनी ऐकलं. फार तर शास्त्रात तसं सांगितलं असेल असं त्यांना वाटलं असावं.

उन्हाळा लागेपर्यंत नक्कल पुरी होत आली. खोटी नम्रता कशाला, त्या छातीइतकं चांगलं काम माझ्या हातून पुढे झालं नाही. हात लावावा तर कातडी सरकेल असं वाटायचं.

याच सुमारास सोनईच्या पुढच्या एका गावचे पाटील भाऊंकडे काम घेऊन आले होते. गावाने शाळेला नवी खोली बांधली होती. तिच्यात त्यांच्या जुन्या मास्तरांची तसबीर लावायची होती. मास्तर गावात पुष्कळ वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खर्ड्याला, लेकीकडे राहायला गेले, त्याला जमाना लोटला होता. पाटलांनी एक जुना फोटो आणला होता, सगळ्या शाळेचा. त्यात पोरांचे चेहरे स्वच्छ होते आणि मास्तरांच्या जागी एक पांढरा फराटा. फोटोवाला झाकण उघडून उभा असताना मास्तर एका पोराला दम द्यायला वळले होते. भाऊंनी तो फराटा डोळ्यांशी नेऊन पाहिला आणि दोन आठवड्यांनी या म्हणून सांगितलं. काढायचं काय हे त्यांनाही कळत नव्हतं.

पाटील परत आले तेव्हा भाऊ छावणीत गेले होते. दुकानात मी एकटा, नकलेवर शेवटचा हात फिरवत होतो. मूळ चित्र मी कापडाने झाकून कोपऱ्यात ठेवलं होतं. पाटलांबरोबर त्यांच्या गावचा एक सुतारही होता, तोही मास्तरांचाच विद्यार्थी. दोघे दारातच थांबले.

"ह्ये कोन?" पाटलांनी विचारलं.

मी रुबाबात म्हणालो, "ओल्ड मास्टर."

पाटलांनी पायातल्या वहाणा काढल्या. सुतारानेही काढल्या. दोघे आत आले, चित्रासमोर उभे राहिले आणि हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. खेड्यातल्या माणसांना कलेची एवढी जाण असेल असं मला वाटलं नव्हतं.

"लई वाळलं," पाटील हळूच म्हणाले.

"बरगड्यांना फार मेहनत लागली," मी म्हणालो.

"तुमी सोता पाहिलं?"

"रोज बघतो. महिनोन्महिने समोर बसून काढलंय."

सुताराने सिंहाकडे पाहिलं. "आन ह्यो खरंच जवळ बसतो?"

"असं सांगतात," मी म्हणालो. पाद्रीसाहेबांनी तसंच सांगितलं होतं.

पाटलांनी उपरण्याने डोळे पुसले आणि दोघे आले तसे निघून गेले. संध्याकाळी भाऊंना मी छाती फुगवून सांगितलं, "भाऊ, माझी नक्कल बघून गिऱ्हाईक रडलं." भाऊंनाही बरं वाटलं. ते म्हणाले, "म्हंजी आता सायेब न्हाई म्हनत न्हाई."

नंतर एका दुपारी दुकानासमोर टांगा थांबला आणि त्यातून एक गोल गरगरीत, गुळगुळीत दाढी केलेले वृद्ध गृहस्थ उतरले. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात छत्री. त्यांनी दारातूनच शाळेतल्या आवाजात विचारलं, "मला उघडं कोणी काढलं?"

भाऊंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"मी विचारतोय. मी खर्ड्याचा मास्तर. या दुकानात माझं उघडं चित्र आहे म्हणतात, कोणी काढलं?"

तेव्हा मला ओल्ड मास्टर या शब्दाने काय घोटाळा करून ठेवला होता ते कळलं. पाटलांनी इंग्रजी शब्दाचा आपल्या परीने अगदी चोख अर्थ लावला होता, जुने मास्तर. आमचे मास्तर खर्ड्याला गुहेत राहतात, अंगाला कपडा नाही, पोटाला अन्न नाही, शेजारी कुणाची तरी कवटी, सोबतीला एक जनावर, अशी बातमी घेऊन ते गावी परतले होते. सगळं गाव हळहळलं. आपण इतकी वर्षं साधी विचारपूस केली नाही म्हणून बायाबापड्या रडल्या. मग ज्वारीची पोती, घोंगडी आणि शिंप्याकडून घाईने शिवून घेतलेला काळा कोट लादून बैलगाडी खर्ड्याला निघाली. वाटेत निजामाची हद्द लागते. नाक्यावर गाडी अडवली, तेव्हा पाटलांनी सांगितलं की मास्तर उपाशी आहेत, आणि पुन्हा ते रडले. नाक्यावरच्यांनी गाडी सोडली.

"खर्ड्यात आधी किल्ला धुंडाळला," मास्तर सांगत होते, "हातात काठ्या घेऊन. सिंह आहे म्हणे. मग गावात विचारत विचारत आमच्या दारात. मी जेवत होतो. भात वाढलेला होता, त्यावर तूप होतं. पाटील मला ओळखेचनात. मीच मास्तर म्हटलं तर म्हणाले, तुम्ही न्हाई, ते वाळलेले. शेवटी मी त्यांना नावानिशी दम भरला तेव्हा पायावर पडले."

"मग मिटलं की," भाऊ म्हणाले.

"कसलं मिटलं?" मास्तर छत्रीवर दोन्ही हात ठेवून बसले आणि त्यांचा आवाज उतरला. "माझे जावई खर्ड्याचे तलाठी. मुलीच्या घरी राहून खाणारा बाप मी. आधीच ती गोष्ट कुणाला सांगावीशी वाटत नाही. त्यात सबंध गावादेखत दारात ज्वारीची पोती उतरली. तलाठी सासऱ्याला उपाशी मारतो, असा बोभाटा झाला. जावईबापू त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पंगतीला बसतात, जेवतात, उठतात. मुलगी रडते. ते उघडं चित्र जर शाळेत लागलं, तर मला त्या घरात परत पाऊल टाकता यायचं नाही, आणि दुसरं घर मला नाही."

यावर हसणं शक्य नव्हतं. मास्तरांना खरंखुरं चित्र हवं होतं. गुटगुटीत, पूर्ण कपड्यांतलं, जावयाच्या घरी व्यवस्थित खातोपितो हे लांबून कळेल असं. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो काढील."

अशा रीतीने मला पहिला जिता चेहरा मिळाला. मास्तर नगरात एका स्नेह्याकडे उतरले आणि रोज सकाळी दुकानात येऊन बसू लागले. आणि मला शोध लागला की मला मास्तर काढताच येत नाहीत. मी सगळा हिवाळा एकच माणूस शिकलो होतो. माझा ब्रश गालाला टेकला की तिथे खड्डा पडे. मानेवर आला की शीर उभी राही. मास्तर समोर भरल्या गालांनी बसलेले आणि माझ्या फळीवर ते दिवसेंदिवस झडत चाललेले.

"पुन्हा वाळवलंस," ते रोज उठताना चित्र बघून म्हणत.

त्यांनी मग आपल्या बाजूने उपाय सुरू केला. येताना पेढे आणत, मी पूर्वी ज्यांची पाटी रंगवली होती तेच, आणि बसल्या जागी खात. मी जितकं झिजवत होतो तितकी ते भर घालत होते. भाऊ बाजूला नंबरप्लेट रंगवता रंगवता विचारत, "काय, कोन जितलं आज?" शेवटी मास्तरच जितले. एका सकाळी हनुवटीखालची वळी जमली आणि तिच्यापाठोपाठ सगळे मास्तर आले. मला आनंद झाला तसा धाकही वाटला, कारण पाद्रीसाहेब परत आल्याचा निरोप त्याच दिवशी आला होता. भाऊंनी त्यांना आणि पाटलांना एकाच दिवशी बोलावलं. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला पाद्रीसाहेबांचा संत, त्याच्या शेजारी माझा संत, पलीकडे गुटगुटीत मास्तरांचं चित्र आणि त्याच्यापुढे खुद्द मास्तर.

पाद्रीसाहेब दोन्ही संतांसमोर येरझाऱ्या घालत राहिले. मग ते म्हणाले, "बरगड्या उत्तम आहेत. परंतु हे पोट इटली देशातील नव्हे. मुखदेखील निराळ्या मनुष्याचे झाले आहे. नक्कल म्हणून हे जमले, असे मला म्हणता येणार नाही."

पोट कुणाचं होतं ते मला माहीत होतं. त्या वेळी कोर्टात बसून ते अर्ज नोंदवत असेल. माझ्या डोळ्यांपुढे पेढ्यांच्या पाट्यांची रांग उभी राहिली, दुकानाच्या दारापासून थेट म्हातारपणापर्यंत.

पाटलांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी गुटगुटीत मास्तर बघितले, मान तिरकी केली आणि ते भीतीचं वाक्य म्हणाले. "समदं बराबर हाय. पन ह्ये ते न्हवं." मग माझ्या संताकडे वळून म्हणाले, "आमचे मास्तर ह्ये."

मास्तर भडकले. "अरे, मी इथे जिवंत उभा आहे."

पाद्रीसाहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "पाटील, हे इटली देशातील संत होत. हे पंधराशे वर्षांमागे मरण पावले."

"आसंल सायेब," पाटील म्हणाले. "पन आमचे मास्तर बी ह्येच." आणि ते मास्तरांकडे वळले. "तुमी आमच्या गावाला आलात तवा दुष्काळ हुता. तुमचा डबा यायचा आन तुमी म्हनायचे, मला भूक न्हाई, वाटून घ्या. आमाला खरंच वाटायचं. सदरा एकच. धुवून वाळत घातला का तुमी उघडेच बसून शिकवायचे. पाटी-पेन्शिली न्हवत्या. तुमी म्हनायचे, मोजा. तुमच्या बरगड्या मोजून उजळनी शिकलो आमी."

सुतार खाली बघत म्हणाला, "मी तर डावी बाजू मोजायचो."

मास्तरांनी एकदा संताकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. मग घसा साफ केला.

"ती उजळणी नव्हे," ते म्हणाले. "ती नुसती अंकमोजणी. उजळणी निराळी."

"व्हय मास्तर," पाटील म्हणाले.

भाऊ तेवढ्यात पाद्रीसाहेबांना म्हणाले, "सायेब, तुमी न्हाई म्हनलात, मान्य हाय. पन गिऱ्हाईक व्हय म्हनतंय, आन धंदा गिऱ्हाइकावर चालतो. सदा, उद्यापासून चेहरे तू घे." हे त्यांनी नंबरप्लेटवरून मान वर न करता सांगितलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "आधी बूड सांभाळ, मागचा रंग लागंल."

राहिले जावईबापू. पाटलांना वाळलेले मास्तर हवे होते आणि मास्तरांना घरी परत जायचं होतं. बराच काथ्याकूट होऊन असं ठरलं की वाळलेल्या मास्तरांना कपडे घालायचे. खर्ड्याला नेलेला कोट मास्तरांच्या अंगात शिरलाच नव्हता. तो शिंप्याने पाटलांच्या वर्णनावरून बेतला होता, त्यामुळे संताला मात्र नेमका बसणार होता. डोक्याला रुमाल आला. कवटीच्या जागी पृथ्वीचा गोल काढायचा असं पाटील म्हणाले. सिंहाचं विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. पोरं जागची हलायची न्हाईत." तो सिंह त्या शाळेत अजून आहे. तपासणीला येणारे साहेब विचारतात आणि शिक्षक त्यांना शिस्त या विषयावर काहीतरी सांगतात.

गुटगुटीत चित्र खर्ड्याला गेलं. जावईबापूंनी ते रस्त्यावरून दिसेल अशा भिंतीवर लावलं आणि सासऱ्यांशी बोलायला लागले. चेहऱ्यांचं म्हणाल तर पुढे मी शेकड्यांनी काढले. पाटी पुन्हा क्वचितच हाती धरली.

पण तो कोट मला घालावा लागला हे दुःख अजून जात नाही. भाऊंनी वरचं पॉलिश उतरवून दिलं, मी काळा रंग तेलात कालवला आणि खालून सुरुवात केली. पोट गेलं. मग एकेक बरगडी जायला लागली. जी जमावी म्हणून मी आठवडेच्या आठवडे घालवले होते ती दोन हातांत काळी व्हायची. मला रडू येत होतं आणि मी ते लपवतही नव्हतो. मास्तर मागे खुर्चीवर बसले होते. जावयाला स्वतः खात्री द्यायची म्हणून चित्र पूर्ण झाकलेलं पाहूनच ते निघणार होते.

मी गळ्याशी आलो तेव्हा ते उठून जवळ आले.

"थांब. वरचं बटण लावू नकोस."

"उघडं दिसेल, मास्तर. जावईबापू विचारतील."

"उकडत होतं म्हणून सांगेन." ते थोडे वाकले, अजून न झाकलेल्या त्या जागेकडे बघत राहिले आणि मग शाळेतल्या आवाजात म्हणाले, "वरची एक राहू दे. पोरांनी मोजायला सुरुवात कुठून करायची?"